मर्यादा ठरवण्याआधी नोंदवही उघडा

मत्स्यव्यवसाय खात्यांचे प्रमुख, मासेमारीच्या मर्यादा ठरवणाऱ्या आयोगांचे सदस्य आणि त्यांना सल्ला देणारे शास्त्रज्ञ यांना,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या हंगामात कोणती मासळी किती टन पकडायची हे ठरवायला तुम्ही बसता, तेव्हा तुमच्यासमोर एक तक्ता असतो. साठा किती, गेल्या वर्षीची पकड किती, यंदा किती पकडली तर साठा टिकेल. भांडणे, वाटाघाटी आणि बातम्या होतात त्या शेवटच्या रकान्यावरून. माझे पत्र त्याच्या आधीच्या रकान्याबद्दल आहे. गेल्या वर्षीच्या पकडीचा आकडा कोणी लिहिला, कधी लिहिला आणि लिहिताना त्याला कशाची भीती होती, हे विचारल्याशिवाय शेवटच्या रकान्याला हात लावू नका, ही माझी मागणी आहे.

बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या नोंदी तपासण्याचे काम मी केले आहे. खोटी नोंद ओळखायला फार हुशारी लागत नाही. महिनाभराच्या फेऱ्या एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेल्या असतात. वजने सगळी पूर्ण शेकड्यांत. समुद्र खवळलेला होता त्या दिवशीही पकड तेवढीच. फेकून दिलेल्या मासळीचा रकाना कोरा, कारण तो भरून आजवर कोणाचे भले झालेले नाही. वही पूर्ण भरलेली दिसते, तिच्यावर शिक्का बसतो आणि तोच आकडा बेरजांच्या पायऱ्या चढत तुमच्या तक्त्यापर्यंत पोचतो. तिथे त्याला दशांश चिन्हही लागलेले असते, त्यामुळे तो मोजून काढल्यासारखा दिसतो.

१९८२ च्या सागरी कायदा कराराने किनारी देशांना दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर हक्क दिला. त्याच कराराच्या ६१ व्या कलमाने त्या देशांवर जबाबदारीही टाकली: किती पकड करू द्यायची ते ठरवा, आणि हाती असलेल्या उत्तमोत्तम शास्त्रीय माहितीच्या आधारे साठा जपा. हक्काची अंमलबजावणी झटपट झाली. जबाबदारी मात्र अनेक ठिकाणी कागदावरच्या आकड्यापाशी थांबली.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचे काय झाले ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. ती बहुधा हावेची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि हाव होतीच. १९६८ मध्ये तिथल्या उत्तरेकडच्या कॉडची पकड आठ लाख टनांच्या आसपास गेली होती. त्यात मोठा वाटा दूरदेशांहून आलेल्या ट्रॉलरचा, म्हणजे मोठी जाळी ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींचा होता. पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे मैलांची हद्द लागू केली, परदेशी ट्रॉलरना आवर घातला, मर्यादा ठरवल्या. खाते होते, शास्त्रज्ञ होते, नोंदवह्या होत्या. तरीही २ जुलै १९९२ रोजी ही मासेमारी बंद करण्याची वेळ आली आणि सुमारे तीस हजार लोकांचे काम एका घोषणेत गेले. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. ती अधिकृतपणे उठली २०२४ मध्ये, आणि तेव्हा ठरलेली मर्यादा होती १८ हजार टन.

असे का झाले? साठ्याचा अंदाज बांधताना ट्रॉलरला ताशी किती कॉड मिळतो या आकड्यावर बराच भार टाकलेला होता. कॉड थव्याने राहतो. साठा घटला तरी उरलेले मासे एकत्र येतात, आणि यंत्रांच्या मदतीने थवा हुडकणारा ट्रॉलर नेमका त्या थव्यावर जाळे टाकतो. समुद्र रिकामा होत असताना त्याची ताशी पकड भरघोसच राहते. त्या वह्यांतला आकडा खरा असूनही फसवा होता. थवा शोधण्यात किती वेळ गेला, कोणते नवे यंत्र बसवले, पूर्वी जिथे मासळी मिळायची तिथे आता किती मिळते, हे विचारले गेलेच नव्हते किंवा त्याला वजन दिले गेले नव्हते. त्याच काळात किनाऱ्याजवळ लहान होड्यांतून मासेमारी करणारे सांगत होते की कॉड कमी येतो आहे आणि येतो तो बारीक येतो आहे. त्यांच्या बोलण्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. १९८० च्या दशकाच्या शेवटी शास्त्रज्ञांनी अंदाज दुरुस्त केले आणि मर्यादा खाली आणायला सांगितले, तेव्हा राजकीय निर्णय त्या सल्ल्याइतका खाली उतरला नाही.

म्हणून नुसते ‘किती किलो’ लिहून घेऊ नका. किती तास जाळे पाण्यात होते, जाळ्याचा आस (भोकाचा आकार) केवढा होता, कुठे टाकले, मासळीची लांबी किती, गाभोळी भरलेल्या माद्या किती, हेही लिहून घ्या. लांबीकडे तर विशेष लक्ष द्या. वजन तेच राहते पण मासा दरवर्षी बारीक होत जातो, हा धोक्याचा इशारा वजनाच्या रकान्यात कधीच दिसत नाही.

दुसरे उदाहरण देवमाशांचे. देवमासा हा मासा नव्हे, तरी पकड मर्यादा आणि नोंद यांच्याबद्दल त्याच्याइतके शिकवणारे दुसरे काही मला माहीत नाही. अंटार्क्टिकमधल्या शिकारीची मर्यादा अनेक वर्षे ‘निळा देवमासा’ या एककात मोजली जात होती: एक निळा म्हणजे दोन फिन, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई. सगळ्या जातींना मिळून एकच बेरीज. साहजिकच जहाजे आधी सगळ्यांत मोठ्या जातीमागे लागली आणि ती संपत आली की पुढच्या जातीकडे वळली. एकूण बेरीज मर्यादेत आणि एकेक जात मात्र संपण्याच्या वाटेवर, असे अनेक हंगाम चालले. आजही ‘इतर मासळी’ या एका ओळीत अनेक जाती कोंबणारी प्रपत्रे बघितली की मला तेच आठवते.

त्यावर कडी सोव्हिएत जहाजांची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात दक्षिण गोलार्धात त्यांनी ४८ हजारांहून अधिक हंपबॅक मारले आणि देवमाशांच्या शिकारीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाला सुमारे २,७०० कळवले. आयोगाचे शास्त्रज्ञ त्या २,७०० वरून हिशेब मांडत राहिले. संख्या का सावरत नाही याचे कोडे त्यांना उलगडेना. उलगडणार कसे? सत्य बाहेर आले १९९३ नंतर, तेही त्या जहाजांवर काम केलेल्या काही जीवशास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपल्या होत्या म्हणून. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. जहाजावर परक्या देशाचा निरीक्षक ठेवण्याची योजना कित्येक वर्षे चर्चेतच अडकली होती. ती १९७० च्या दशकात प्रत्यक्षात आली तेव्हा एवढी मोठी लपवाछपवी अवघड झाली.

आकडा लपवला जातो तसा फुगवलाही जातो. २००१ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ रेग वॉटसन आणि डॅनियल पॉली यांनी ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात दाखवून दिले की चीनने कळवलेली समुद्री पकड तिथल्या समुद्राच्या कुवतीपेक्षा फार जास्त होती. अधिकाऱ्यांची बढती उत्पादनवाढीशी जोडलेली होती, मग उत्पादन दरवर्षी वाढतच गेले. त्या एका फुगवट्यामुळे जगाची एकूण पकड वाढत असल्याचे चित्र दिसत होते. फुगवटा काढल्यावर ती १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून घटत असल्याचे दिसले. ज्या खात्याची पाठ पकड वाढल्याबद्दल थोपटली जाते, त्याच खात्याकडे पकड मोजण्याचे काम देऊ नका. उत्पादन वाढवण्याचे लक्ष्य आणि पकड मोजण्याची जबाबदारी या दोन खुर्च्या वेगळ्या करा.

आता मच्छीमार खोटे का लिहितो त्याकडे येते. बैठकांमध्ये यावर दंड वाढवण्याचा उपाय लगेच सुचवला जातो. मला तो पहिला उपाय वाटत नाही, कारण बऱ्याचदा खोटेपणा नियमाच्या घडणीतच असतो.

अमेरिकेतल्या अलास्काच्या हॅलिबट माशाचे पाहा. मर्यादा सगळ्या बोटींना मिळून एकच होती. जो आधी पकडेल त्याची मासळी, म्हणून बोटी वाढल्या, जाळी-गळ वाढले आणि हंगाम आक्रसत गेला. १९९५ च्या आधी काही भागांत वर्षाचा हंगाम चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांचा उरला होता. हवा कशीही असो, त्याच दिवशी निघायचे. खलाशी जीव धोक्यात घालत, बोटी झेपेल त्याहून जास्त भरत, टाकलेले गळ परत काढायला वेळ न उरल्याने ते तसेच समुद्रात राहत आणि त्यांना लागलेले मासे मरत. अशा चोवीस तासांत कोणता तांडेल (बोटीचा प्रमुख) शांतपणे वही लिहील? १९९५ मध्ये एकूण मर्यादेतला हिस्सा ज्याचा त्याला आधीच ठरवून दिला आणि हंगाम आठ महिन्यांवर गेला. समुद्र तोच, मासा तोच. पण घाई गेली, आणि घाईबरोबर नोंद न ठेवण्याचे एक मोठे कारण गेले.

मात्र हिस्से वाटताना ते कोणाच्या हाती जातात हे पाहिले नाही तर अन्याय होतो, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आइसलँडने हिस्से विकता येतील अशी व्यवस्था केली. तिथल्या दोन मच्छीमारांच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २००७ मध्ये असे मत दिले की ठरावीक वर्षांत मासेमारी केलेल्यांनाच कायमचा हक्क देणे आणि नव्याने येणाऱ्याला तो त्यांच्याकडून विकत घ्यायला लावणे भेदभावाचे आहे. हिस्सा म्हणजे वापरण्याची परवानगी. समुद्राची मालकी त्यातून कोणाला मिळता कामा नये. विकण्यावर बंधने घाला, किनाऱ्यावरच्या वस्त्यांसाठी काही हिस्सा राखून ठेवा, आणि तो टनांत न देता एकूण मर्यादेच्या टक्क्यांत द्या. न्यूझीलंडने १९८६ मध्ये ठरावीक टनांचे हिस्से दिले होते. साठा घटला तेव्हा ते सरकारला परत विकत घ्यावे लागण्याची वेळ आली, म्हणून १९९० मध्ये टक्क्यांची पद्धत आणावी लागली.

न्यूझीलंडचीच आणखी एक तरतूद उचलण्याजोगी आहे. हिश्शाबाहेरची मासळी जाळ्यात आलीच, तर ती मेलेली समुद्रात फेकण्यापेक्षा बंदरावर आणावी आणि तिच्यासाठी ठरलेली रक्कम सरकारला भरावी. रक्कम अशी ठरवायची की मुद्दाम ती मासळी पकडण्यात फायदा राहू नये, आणि गुपचूप फेकून देण्याचा मोहही होऊ नये. हा तोल साधणे कठीण आहे आणि तिथेही तो नेहमी साधलेला नाही. पण विचाराची दिशा मला बरोबर वाटते. जाळ्यात आलेला मासा मेला, की साठ्याच्या हिशेबात तो गेलाच. मग तो बाजारात विकला जावो की लाटांवर तरंगो. युरोपीय संघाने २०१५ ते २०१९ या काळात टप्प्याटप्प्याने मासळी फेकण्यावर बंदी आणली. नियम चांगला, पण समुद्रावर पाहणारे कोणी पुरेसे नव्हते आणि फेकलेली मासळी नोंदवणाऱ्याचाच तोटा होत होता. मग वहीतला तो रकाना कोरा राहिला यात नवल काय?

पाहणारा कसा असावा, याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात आहे. तिथे गळाने तळाची मासळी धरणाऱ्या बोटींवर २००६ पासून कॅमेरे आहेत. पण कॅमेऱ्याचे चित्रण म्हणजे नोंद, असे तिथे मानले जात नाही. नोंद तांडेलच लिहितो. मग चित्रणातला सुमारे दहावा भाग नमुना म्हणून निवडतात आणि तो वहीशी ताडून पाहतात. जुळला, तर तांडेलची वही अधिकृत नोंद म्हणून स्वीकारली जाते. जुळला नाही, तर सगळे चित्रण तपासले जाते आणि त्याचा खर्च बोटीवर पडतो. या रचनेत प्रामाणिक माणसाला खर्च कमी, त्रास कमी आणि वर मान. त्याच्या शब्दाला सरकारदरबारी किंमत आहे हे त्याला दिसते. धाक आणि विश्वास एकाच नियमात बसवलेले मी क्वचितच पाहिले आहेत.

हे सगळे मोठ्या बोटींचे झाले. जगातल्या पकडीचा निदान ४० टक्के भाग लहान प्रमाणावरच्या मासेमारीतून येतो. तिथे एका जाळ्यात कित्येक जाती येतात, मासळी एखाद्या मोठ्या धक्क्याऐवजी असंख्य छोट्या किनाऱ्यांवर उतरते, आणि उष्ण कटिबंधातल्या समुद्रात हे विशेषच. अशा ठिकाणी जातीजातीला टनांची मर्यादा लावायचा आग्रह धराल तर खोट्या आकड्यांची नवी वखार उघडाल. तिथे बोटींची संख्या, जाळ्याचा आस, अंडी घालण्याच्या काळातली बंदी आणि विणीच्या जागा राखणे हे नियम जास्त कामाचे, कारण ते डोळ्यांनी तपासता येतात. नोंद मात्र तिथेही हवी. ती प्रत्येक होडीकडून मागण्यापेक्षा निवडक किनाऱ्यांवर, ठरलेल्या दिवशी, प्रशिक्षित माणसांनी नमुने मोजून घ्या. आणि मासळी निवडणाऱ्या, लिलावात घेणाऱ्या, सुकवणाऱ्या बायकांना विचारा. कोणती जात कधीपासून दिसेनाशी झाली आणि कोणत्या माशाचे पिल्लू आता मोठा मासा म्हणून विकले जाते, हे त्यांना कोणत्याही प्रपत्रापेक्षा आधी कळलेले असते. नोंद घेणाऱ्या यंत्रणांनी त्यांना आजवर फार कमी ठिकाणी विचारले, याचे मला वाईट वाटते.

आणि एवढे करून खरा आकडा हाती आला, तर तो माना. अटलांटिकच्या निळ्या पंखांच्या टूनाबाबत २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी पूर्वेकडच्या साठ्यासाठी १५ हजार टनांच्या आसपास थांबायला सांगितले होते. या टूनाची मर्यादा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००७ साठी २९,५०० टन ठरवले, आणि खरी पकड त्याच्याही बरीच वर गेल्याचे पुढे दिसून आले. टीका इतकी झाली की आयोगाला वळावे लागले. पकडीपासून विक्रीपर्यंत टूनाबरोबर दाखला प्रवास करू लागला, दाखला नसलेल्या मालाला बाजार बंद झाला, आणि २०११ साठी मर्यादा १३ हजार टनांच्या खाली आली. साठा सावरला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या माशाला संकटग्रस्त यादीतून काढून कमी चिंतेच्या वर्गात ठेवले. त्याच खुर्च्यांवर बसलेल्या लोकांनी हे करून दाखवले, म्हणून तर मी तुम्हाला हे पत्र लिहिते आहे.

टूनाला दाखला मिळाला कारण तो महाग आहे. स्वस्त मासळीचे काय? खतासाठी आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी दळली जाणारी पिल्ले कोणत्या जातीची होती, हे लिहून ठेवण्यात कोणालाच रस नसतो. ती पिल्लेच पुढच्या चार हंगामांची मासळी आहेत. दळण्याच्या कारखान्यात येणाऱ्या मालाचा जातवार नमुना घेणे सक्तीचे करा. कारखाने मोजके असतात, त्यांचे दरवाजे जमिनीवर असतात. समुद्रावर पहारा ठेवण्यापेक्षा हे काम कितीतरी सोपे आहे. तसेच बंदरांचे. दुसऱ्या देशाच्या बोटीला मासळी उतरवू देण्याआधी तिची कागदपत्रे तपासण्याचा आणि चोरीची मासळी असेल तर बंदर नाकारण्याचा करार २०१६ पासून लागू आहे. ज्यांनी अजून सही केलेली नाही त्यांनी करावी, आणि ज्यांनी केली आहे त्यांनी धक्क्यावर तपासणारी माणसे नेमावीत.

शेवटची मागणी सोपी आहे आणि तिला जवळजवळ खर्च नाही. ज्याने नोंद लिहिली त्याला ती परत द्या. आज मच्छीमार वही भरतो, ती वर जाते आणि पुन्हा कधी त्याच्या दृष्टीस पडत नाही. हंगाम संपला की त्याच्या बंदरातल्या सर्वांची मिळून पकड किती, माशाची सरासरी लांबी गेल्या पाच वर्षांत किती बदलली, आणि त्याच्या नोंदींवरून पुढची मर्यादा कशी ठरली, हे एका पानावर, त्याच्या भाषेत, धक्क्यावर लावा. एकेका बोटीच्या जागा गुप्त ठेवा. तो तिचा हक्क आहे. बेरजा उघड करा. बेरीज चुकीची असेल तर सगळ्यांत आधी ती चूक मच्छीमारांनाच दिसेल, आणि तेव्हा ते तुमच्या दारात येऊन सांगतील. त्यांना सांगता येईल असे एक माणूस आणि एक टेबल त्या दारात ठेवा. पुढच्या मर्यादेच्या बैठकीआधी हे झाले पाहिजे.

आपली,
मासळीच्या नोंदी तपासलेली एक नागरिक